उथळ आहे म्हणूनच दणका

‘चार रिश्टरचा धक्का म्हणजे किरकोळ, लोक उगाच घाबरतात’ असं कोयनेच्या भूकंपांबद्दल कुणीतरी म्हटलंय. आकड्यापुरतं ठीक. पण कोयनेतले बहुतेक धक्के जमिनीखाली जेमतेम १० किलोमीटर खोलीच्या आतले, हादरा विरायला जागाच नाही! माझं आजोळ पाटण तालुक्यातलं. तिथे आधी जमिनीतून गुरगुर येते, भरलेला ट्रक घाट चढावा तशी, आणि मग फळीवरची पितळी भांडी खणखणतात. आजी चुलीपुढून उठायचीही नाही, नुसतं दुधाचं पातेलं धरून बसायची.

पण ११ डिसेंबर १९६७ ची पहाट तिने पाहिली होती (तो भूकंप ६ रिश्टरच्या वरचा). तेव्हापासून आमच्याकडे रात्री दाराला आतून कडी नाही, चोर आला तरी चालेल.