शब्दचर्चा : ‘सिंक जाणे’, ‘सरकणे’ आणि ‘भरकटणे’

प्रश्न (मालवण) :
जत्रांमधील दशावतारी नाटकांचे चित्रण संपादित करताना आमच्याकडे ‘सिंक गेलं’, म्हणजे चित्र आणि आवाज यांची जुळणी बिघडली, हा एकच प्रयोग सर्रास ऐकू येतो. राजाचे संवाद ओठांच्या आधी ऐकू आले तरी सिंक गेलं, आणि तासाभराने झांजेचा ठोका हातांच्या मागे पडू लागला तरी सिंक गेलंच. या दुसऱ्या प्रकाराला काही जण ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. त्याला मराठीत ‘भरकटणे’ म्हणावे का? मुळात हे दोन दोष निरनिराळ्या नावांनी ओळखण्याची गरज आहे का?

उत्तर (रत्नागिरी) :
गरज निश्चित आहे, कारण दोन्हींची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत. पहिल्या दोषात चित्र आणि आवाज यांच्यातील अंतर आरंभापासून अखेरपर्यंत तेवढेच राहते. त्यासाठी ‘आवाज तीन फ्रेम मागे आहे’ एवढे साधे वाक्य पुरते, कारण त्यातच उपायही सांगितलेला असतो. सेकंदाला २५ फ्रेमच्या, म्हणजे २५ स्थिर चित्रांच्या, चित्रणात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. आवाजाची पट्टी तेवढी अलीकडे घेतली, म्हणजे आधी सुरू केली, की काम झाले.

दुसऱ्या दोषात अंतर वाढत जाते. आरंभ जुळवला की शेवट बिघडतो आणि शेवट जुळवला की आरंभ. याला मी ‘आवाज सरकत जातो’ असे म्हणेन. नांगर सुटलेली होडी भरकटते तेव्हा ती कुठे जाईल हे सांगता येत नाही. कॅमेरा आणि आवाज टिपणारा स्वतंत्र रेकॉर्डर यांच्या आतील घड्याळांत किंचित फरक असला, तर होणारी सरक मात्र एकाच दिशेने आणि जवळजवळ एकसारख्या गतीने होते, म्हणून ती मोजता येते. दोन घड्याळांत दहा लाखांत ५० भागांचा फरक असेल, तर एका तासात ०.१८ सेकंद, म्हणजे साडेचार फ्रेम एवढी सरक होईल. सेकंदाला २९.९७ फ्रेमचे चित्रण कोणी चुकून ३० चे धरले, तर हेच अंतर तासाला सुमारे ३.६ सेकंदांवर जाते. त्यामुळे ‘तासाला किती सरकतो?’ हा प्रश्न आधी विचारावा. दोष यंत्राच्या घड्याळात आहे की प्रकल्पाच्या मांडणीत, हे त्या उत्तरावरूनच बहुधा कळते.

‘ड्रिफ्ट’ हा शब्द मी या कामापुरता टाळतो. मोशन ग्राफिक्समध्ये शीर्षकाची अक्षरे पडद्यावर हळूहळू वाहत नेण्यालाही ड्रिफ्टच म्हणतात, आणि एकाच प्रकल्पात एक ड्रिफ्ट हवा आणि दुसरा नको, अशी सूचना सहकाऱ्याला गोंधळात टाकते.

पुरवणी (देवगड) :
आपले विवेचन स्वतंत्र कॅमेऱ्याला लागू पडते, मोबाइलच्या चित्रणाला मात्र पूर्णपणे नाही. पुष्कळ मोबाइल फ्रेमचा वेग स्थिर ठेवत नाहीत. रंगमंचावरचा उजेड कमी झाला की एकेका फ्रेमला जास्त वेळ प्रकाश मिळावा म्हणून वेग उतरतो आणि उजेड वाढला की पुन्हा चढतो. संपादन-प्रणालीने असे चित्रण स्थिर वेगाचे मानले, तर आवाज काही काळ मागे राहतो, मग जुळल्यासारखा वाटतो आणि पुन्हा सुटतो. येथे ‘सरकणे’ अपुरे पडते. ‘भरकटणे’ हाच शब्द नेमका आहे, असे मला वाटते.

उत्तर (रत्नागिरी) :
हा भेद मला पूर्ण मान्य आहे आणि तो वापरात यावा असे मनापासून वाटते. भरकटलेल्या आवाजाचे तुकडे करून जुळवत बसण्यात अर्थ नाही. मूळ चित्रण हँडब्रेकसारख्या, चित्रफितीचे रूपांतर करणाऱ्या संगणकीय साधनाने आधी स्थिर वेगाचे करून घ्यावे आणि मगच प्रकल्पात आणावे. सरकलेल्या आवाजाला हे रूपांतर उपयोगाचे नाही. तेथे आवाजाची लांबी टक्केवारीने बदलण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो, पण ज्या प्रणालीत टक्केवारी दोनच दशांश स्थळांपर्यंत देता येते, तेथे ०.०१ टक्का म्हणजेच तासाला ०.३६ सेकंद, म्हणजे नऊ फ्रेम होतात. साडेचार फ्रेमच्या दोषाला ते माप फार जाड आहे. त्यापेक्षा दोन प्रवेशांमधील शांत जागी आवाज कापून एकेक फ्रेम सरकवणे अधिक सुरक्षित असते, कारण पखवाज चालू असताना केलेला काप कानाला लगेच कळतो.

प्रश्न (मालवण) :
रेकॉर्डर पेटीजवळ आणि कॅमेरा देवळाच्या आवारात अगदी मागे असतो. प्रणालीने दोन्ही आवाज आपोआप जुळवल्यावरही ओठ थोडे आधी हलतात. हे सरकणे की भरकटणे?

उत्तर (रत्नागिरी) :
दोन्ही नव्हे, हे पहिल्या प्रकारचे स्थिर अंतर आहे. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, त्यामुळे ३४ मीटरवरच्या कॅमेऱ्याला आवाज ०.१ सेकंद, म्हणजे अडीच फ्रेम उशिरा पोहोचतो आणि चित्र मात्र तत्क्षणी. प्रणाली रेकॉर्डरचा आवाज त्या उशिरा आलेल्या आवाजाशीच जुळवते. आपोआप जुळणी झाल्यावर रेकॉर्डरची पट्टी दोन-तीन फ्रेम अलीकडे घ्यावी. अंदाजाऐवजी खूण हवी असेल, तर झांज एकमेकींवर आपटल्याची फ्रेम आणि रेकॉर्डरमधील तिचा ठोका नाटकाच्या आरंभी जुळवावा, आणि तीच तपासणी अखेरच्या प्रवेशात पुन्हा करावी. दोन्ही ठिकाणी फरक सारखाच आला तर ते अंतर, अखेरीस वाढला तर सरक समजावी. मोबाइलच्या चित्रणासाठी मधल्याही दोन-तीन जागा तपासाव्यात.