मदत हवी आहे: मे महिन्यात मैत्रिणी परभणीला यायल्यात, उन्हाळा नीट दाखवायचाय

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला नीट सुचवता यायचं नाही.

आम्ही कॉलेजच्या हॉस्टेलवरच्या पाच जणी. आता एक पुण्यात, एक लातूरला, एक नांदेडला, एक संभाजीनगरला आणि मी परभणीतच. आमचं एक ठरलेलं आहे, उन्हाळा लागला की प्रत्येकीने आपल्याला सध्या कशाचं वेड लागलंय ते बाकीच्यांना द्यायचं. एखादं पुस्तक, एखादा पदार्थ, बघून आलेली जागा, नाहीतर घरातली एखादी नवी सवय. आजपर्यंत हे सगळं व्हॉट्सॲपवर चालायचं, फोटो टाकायचे, लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवायचे. यंदा मी म्हटलं फोनवर नको, पोराबाळांसकट माझ्याकडंच या. तर पुण्याची म्हणायलीय, मे महिन्यात परभणी? डिसेंबरात येते की. पण डिसेंबरात कैरी नसते, वाळवण नसतं, गच्चीवरची झोप नसते आणि पोरांना सुट्टी बी नसते. आपल्याकडचा सगळ्यात भरलेला काळ उन्हाळाच आहे असं मला मनापासून वाटतं आणि तो त्या पोरांना दाखवायचाय. चार दिवस एसी लावून खोलीतच बसवायचं असेल तर एवढ्या लांबून बोलवायचं कशाला.

आता कुणाला कशाचं वेड आहे ते सांगते. लातूरचीला वाळवणाचं. ती म्हणते कुरडया विकत मिळतात हे खरं, पण आपल्या पोरींनी गव्हाचा चीक शिजताना एकदा तरी बघावा, तो वाटीत घेऊन तूप-साखर घालून खावा. संभाजीनगरचीला जुन्या पाण्याच्या जागांचं लागलंय, पाणचक्कीपासून सुरू झालं आणि आता तिला बारवांशिवाय, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींशिवाय, काही दिसत नाही. नांदेडची वाचणारी. ती दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये जुने दिवाळी अंक अर्ध्या किमतीत गोळा करते आणि मे महिनाभर पुरवून पुरवून वाचते, तिचं म्हणणं की दुपारी सगळ्यांनी मिळून मोठ्यानं वाचायचं. पुण्याचीला कमी सामानात राहायचं, सुती कपडे, माठाचं पाणी, रात्री लवकर जेवण असं सगळं सुरू आहे, सध्या खादीचे कुर्ते शिवून घ्यायलीय. आणि माझं वेड म्हणजे गच्ची. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, फरशी निवली की गाद्या टाकायच्या आणि पडल्या पडल्या आभाळ बघायचं.

माणसं मोजली तर मोठ्या पाच आणि लेकरं सहा, आठ ते चौदा वर्षांची. ऊन ४३-४४ च्या घरात असणार हे धरूनच चाललेय. घरी दोन कूलर आहेत, एसी एका खोलीत. नळाच्या पाण्याचा उन्हाळ्यात भरवसा नाही त्यामुळं टँकर सांगून ठेवणार.

मला विचारायचं ते असं. पहाटे निघून दहाच्या आत घरी परत येता येईल अशा जागा परभणीच्या आसपास कोणत्या? दोन किलो गव्हाच्या कुरडया करायच्या तर दिवस कसे धरायचे, आईचा हिशोब कायम दहा किलोचा असायचा आणि त्यात चार शेजारणी हाताशी असायच्या. दुपारी एक ते चार आठ वर्षांच्या पोरालाही बसवून ठेवील असं वाचन कसं लावायचं? आणि रात्री गच्चीवर पोरांना काय काय दाखवता येईल, मला सप्तर्षीच्या पुढं फार काही ओळखू येत नाही. तारखा अजून पक्क्या नाहीत, मेचा दुसरा-तिसरा आठवडा म्हणतोय.

सेलूकर
ताई, तुमच्या संभाजीनगरच्या मैत्रिणीला वालूरला न्या, बाकी काही नाही केलं तरी चालेल. आमच्या सेलू तालुक्यात आहे. तिथली बारव इतर बारवांसारखी सरळ उतरत नाही, पायऱ्या गोल गोल फिरत खाली जातात. गाळानं भरलेली होती, गावातल्या लोकांनी स्वतः राबून उपसली. वर उभं राहिलं की ऊन तोंडावर मारतं आणि आठ-दहा पायऱ्या उतरल्या की हवा बदललेली अंगाला कळते, पोरांना हे सांगावं लागत नाही, ते आपोआप गप होतात. पहाटे साडेपाचला परभणी सोडा.

दुसरी सकाळ चारठाण्याला ठेवा, जिंतूरच्या पुढं आहे. यादवकाळातली देवळं, उंच कोरीव स्तंभ आणि बारव, सगळं एकाच गावात. गाव जिवंत आहे, देवळांच्या भिंतीला भिंत लागून घरं आहेत, म्हणून कुणाच्या अंगणातून जाताना विचारून जा, लोक पाणी विचारतात, चहा पाजतात. दोन्हीकडं एक सांभाळा, जुन्या बांधकामात उन्हाळ्यात आग्या मोहोळ असतं. सेंट-अत्तर लावून जाऊ नका, पोरांना आरडाओरडा करू देऊ नका, आणि तळाच्या पाण्यापर्यंत एकट्यानं कुणी उतरायचं नाही.

जिंतूरची काकू
दोन किलोला घाबरायचं काही नाही बाई, घरच्या मिक्सरवर होतंय. लोकवन गहू घे. निवडून, धुऊन भिजत घाल, तीन दिवस भिजू दे आणि रोज पाणी बदल, उन्हाळ्यात दिवसातनं दोनदा बदललं तर वास कमी येतो. चौथ्या दिवशी वाटायचं, पाणी घालून चोळून चीक काढायचा, चोथा पिळून बाजूला, मग बारीक गाळणीनं नाहीतर सुती फडक्यानं गाळून रात्रभर झाकून ठेवायचा. सकाळी वर पिवळसर पाणी आलेलं असतंय, ते हळूच ओतून दे, खाली पांढराशुभ्र चीक बसलेला असतो, खरवडून काढावा लागतो इतका घट्ट. जेवढा चीक तेवढंच पाणी उकळायला ठेव, त्यात मीठ आणि हिंग. उकळी फुटली की एकीनं चीक धारेनं ओतायचा आणि दुसरीनं लाकडी दांड्यानं हलवत राहायचं, हात थांबला की गुठळी झालीच. आधी पांढरा दिसतो, मग काचेसारखी चमक येते आणि बुडबुडा जड होऊन फुटतो, तेव्हा झाकण ठेवून वाफ काढ. गरम असतानाच सोऱ्यात भरायचा, गार चीक साच्यातनं उतरत नाही. पोरींना सोऱ्या फिरवायला दे पण भरायचं मोठ्यांनी, हात पोळतो.

सहाच्या आत चूल पेटली पाहिजे, आठपर्यंत गच्चीवर घालून मोकळं. पहिल्या दिवशी हात लावू नको, दुसऱ्या दिवशी उलट. आणि उरलेल्या चोथ्याचे सांडगे घाल, टाकू नको. जमलं तर बाजरीच्या थोड्या खारोड्या कर, त्या ओल्याच पोरं जास्त खातात, तीळ-लसूण सढळ हातानं घाल. सकाळच्या नाष्ट्याला सुशीला कर, मुरमुरे भिजवून पिळले आणि फोडणीत टाकले की झालं, गॅसजवळ उभं राहायचं काम नाही. पुण्याच्या पोरांना पोहे माहिती असतात, सुशीला नवी लागल.

रात्रपाळी
तुमच्या गच्चीच्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी तारखेचं सांगतो, १४ ते १७ मे धरा. कारण शून्य सावली. वर्षातून दोन दिवस दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली जाते. पुढं उत्तरेला गेलं की हे होत नाही, कर्कवृत्ताच्या अलीकडच्या गावांनाच मिळतं. परभणीचा पहिला दिवस १६-१७ मेच्या आसपास, वेळ साधारण सव्वाबारा ते साडेबाराच्या मधली. लातूरला तो १३ च्या सुमारास होऊन जातो आणि संभाजीनगरला १९-२० ला येतो, जसजसं उत्तरेला जाल तसतसा उशीर. दुसरा दिवस जुलैच्या शेवटी येतो पण तेव्हा पावसाचं आभाळ असतं, दिसलं तर दिसलं. म्हणजे हा मे महिन्याचाच खेळ आहे.

करायचं काय, गच्चीवर सपाट जागी स्टीलचा उभट पेला पालथा ठेवा. बारापासून दर पाच मिनिटांनी पोरांना सावलीच्या कडेला खडूनं रेघ मारायला लावा. सावली आखडत जाते आणि मग काहीच उरत नाही. पायात चपला, डोक्याला ओला रुमाल, दरवेळी एकच पोरगं वर जाईल बाकीचे जिन्यात सावलीला, आणि सूर्याकडं थेट बघायचं नाही.

रात्री सोपं आहे. सप्तर्षीचा पतंग ओळखता ना, त्याच्या शेपटीची जी वाक आहे ती तशीच पुढं वाढवत न्या, एक नारिंगी ठळक तारा लागेल, तो स्वाती. तीच वाक आणखी पुढं नेली की पांढरी चित्रा. नऊ-साडेनऊनंतर आग्नेयेला वृश्चिक वर येतो, आकार खरंच विंचवाचा आहे, छातीत लाल ज्येष्ठा. झोपायच्या आधी डोकं आणि छाती दिसेल, मध्यरात्री कुणी उठलं तर नांगीसकट अख्खा दक्षिणेला दिसेल. माझी रात्रपाळी असते म्हणून मला हे सगळं पाठ झालंय.

नांदेडचा वाचक
मोठ्यानं वाचायचं असेल तर कादंबरी घेऊ नका, चार दिवसांत पुरी होत नाही आणि लहान पोरं मधनंच उठतात. कथा घ्या, वीस मिनिटांत संपणाऱ्या. दिवाळी अंक त्यासाठी फार चांगले, त्यात कथा आहे, प्रवास आहे, व्यंगचित्रं आहेत, आठ वर्षांच्या पोराच्या हातात चित्रांचं पान दिलं की तो बसतो. वाचणारा दर कथेला बदला, पोरांनाही वाचू द्या, अडखळले तरी मधे सांगू नका.

आणि एक मनापासून सुचवतो. गंगाखेड तुमच्यापासून तासाभरावर, संत जनाबाईंचं गाव. एका पहाटे गोदावरीवर जाऊन या आणि त्याच दुपारी जनाबाईंचे अभंग वाचा, म्हणता आले तर म्हणा. दळण, कांडण, शेणी, झाडलोट सगळं त्यात आहे. सकाळी कुरडया घालून ज्यांचे हात दुखलेत त्यांना ते कसे पोचतील बघा. शेजारी कुणी म्हातारी आजी असेल तर तिला बोलवा, जात्यावरच्या ओव्या येत असतील तर पोरांकडून लिहून घ्या. फोनवर रेकॉर्ड पण करा, परवानगी घेऊन.

परिचारिका
मी सरकारी दवाखान्यात काम करते, उन्हाळ्यात काय येतं ते रोज बघते, म्हणून थोडं. कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवा, सगळं बंद करून लावला तर खोली नुसती चिकट होते आणि गारवा लागत नाही. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चटका देतं, पोरांच्या अंघोळीसाठी रात्रीच बादल्या आणि टब भरून ठेवा. पन्हं, ताक, ज्वारीची आंबील भरपूर, पण बाजारचा बर्फ घातलेला रस लहानांना नको. एखादं पोरगं मलूल पडलं, उलट्या झाल्या तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोट घोट पाजत राहा. अंग तापलंय, बडबडायला लागलंय किंवा गुंगी आलीय असं दिसलं तर थांबायचं नाही, अंग ओल्या कपड्यानं पुसत पुसत सरळ दवाखान्यात.

मूळ प्रश्नकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री चौघींनाही कॉलवर घेऊन तुमची उत्तरं वाचून दाखवली. शून्य सावलीचं ऐकून पुण्याचीनं तिथल्या तिथं १४ ची तिकिटं बघायला घेतली, तिच्या लेकानं मागून ओरडून विचारलं की पेला आपण घरून न्यायचा का.

असं बसवलंय. गहू मी १२ लाच भिजत घालते, म्हणजे १५ ला वाटण आणि १६ च्या पहाटे चीक. १५ ची सकाळ वालूर, तिकडनं आल्यावर सगळ्यांनी मिळून गहू वाटायचा. १६ ला कुरडया आठपर्यंत आटपल्या तर मधे झोप काढायची आणि बाराला पेला. ढग आले तर १७ आहेच. १७ ला पहाटे गंगाखेड, नऊपर्यंत परत, त्या दुपारी अभंग. चारठाणा यात बसत नाही, जबरदस्तीनं कोंबलं तर सगळ्यांची दमछाक होईल, ते संभाजीनगरची येताना तिच्या गाडीतून बघत येईल, तिला रस्त्यातच आहे.

आंब्यांचं माझ्या चुलतभावावर सोपवलंय, त्याच्याकडं केसरची झाडं आहेत, पाडाला आले की गवतात आढी घालतो. रसासोबत तळायला मागच्या वर्षीच्या कुरडया डब्यात आहेत, नव्या वाळायला वेळ लागेल.

सेलूकर दादा, वालूरला सकाळी सहा-साडेसहाला पोचलो तर बारवेत उजेड पुरतो का, की बॅटरी न्यावी? आणि काकू, माझ्याकडचा सोऱ्या पितळी आहे, आईचा, त्याची कुरडईची जाळी हरवलीय. परभणीत सुटी जाळी कुठं मिळते, का नवाच घ्यावा? कुणाला माहिती असेल तर दुकान कोणत्या भागात आहे तेवढं सांगा, या रविवारी बाजारात जाणार आहे.