इकेबानातली मुख्य फांदी खांबासारखी ताठ दिसते, काय चुकतंय?

नकाशावाली
मी जळगावात एका आर्किटेक्टकडे ड्राफ्टिंग करते. जानेवारीपासून ऑनलाइन इकेबाना, म्हणजे जपानी पुष्परचना, शिकतेय, त्यातल्या सोगेत्सु पंथाच्या पद्धतीचं. शिकवणाऱ्या बाई पुण्याच्या. या वेळचा गृहपाठ असा, की एखाद्या वास्तूतली रेघ उचलायची आणि ती फांदीत शोधायची. मला लगेच एरंडोलकडचं आमचं धाब्याचं घर आठवलं. सागाचे खांब, त्यावर तुळया, वर मातीचं धाबं आणि माजघरात उजेडापुरतं एक सानं, म्हणजे धाब्यातलं भोक. भर दुपारी त्यातून उन्हाचा गोल कवडसा उखळाशेजारी पडायचा.

मग खांब म्हणून कपाशीची पऱ्हाटी उभी केली, तुळई म्हणून दुसरी आडवी, पायाशी कडुलिंबाचा झुबका. भांडं पसरट, २४ सेंटीमीटर व्यासाचं, ८ खोल. आई म्हणाली, "चुल्हामा घालानी पऱ्हाटी, हाई काय करी राहिनी वं?" बाईंनी फोटो पाहून एवढंच लिहिलं, "इमारत झाली. झाड कुठाय?"

शिवाय पऱ्हाटी केंझानच्या, म्हणजे फांद्या रोवायच्या चकतीच्या, खिळ्यांत घुसतच नाही. घुसवली तर अख्खी चकती उलटते. आणि कडुलिंब दुपारी दोनला मान टाकतो. ४४ डिग्रीत मीही टाकते म्हणा. कुणी शिकलंय का इथे?

केळीवाला, रावेर
ताई, केळफूल लावा! आमच्याकडे फुकट मिळेल. (शिकलेलो नाही, नुसता वाचतोय.)

धुळ्याचा, सध्या पुण्यात
केळफुलाच्या वजनाने तर ताईंचं भांडंच आडवं होईल, भाऊ.

ताई, आधी माप. भांड्याचा व्यास आणि खोली यांची बेरीज ३२, तिची दीडपट ४८. मुख्य फांदी, म्हणजे शिन, एवढी. दुसरी फांदी, सोए, तिच्या पाऊणपट, ३६. तिसरी, हिकाए, सोएच्या पाऊणपट, २७. आता कोन. पायाभूत उभ्या रचनेत शिन ओळंब्यात नसतेच, १५ अंश कललेली असते. सोए ४५, हिकाए ७५. तुम्ही शिन शून्यावर ठेवली आणि तुळई थेट नव्वदवर. बाई इमारत म्हणणार नाहीत तर काय?

पऱ्हाटीचं टोक तिरपं कापा, मग त्याला फुलीसारखा छेद द्या. आधी सरळ खाली दाबा, घुसल्यावर कलवा. चकती उलटत असेल तर दुसरं केंझान पालथं करून मागच्या कडेवर ठेवा, वजन तोलतं.

पऱ्हाटीची लाज बाळगू नका. सोफू तेशिगाहारांनी १९२७ मध्ये सोगेत्सु सुरू केली, आणि त्या पंथात सुकी फांदी, लोखंड, काहीही चालतं. वास्तूशी नातंही जुनंच आहे. टोकियोतली त्यांची इमारत वास्तुविशारद केन्झो तांगेंची, १९७७ची, आणि तळमजल्यावर शिल्पकार इसामु नोगुचींची पायऱ्यापायऱ्यांची दगडी बाग, तिच्यातून पाणी वाहतं.

गिरणाकाठ
कडुलिंबाचं मी सांगते. डहाळी पहाटे तोडायची आणि देठ बादलीतल्या पाण्याच्या आत धरूनच पुन्हा कापायचं. याला मिझुकिरी म्हणतात. बाहेर कापलं की देठात हवा शिरते आणि पाणी वर चढत नाही. निम्मी पानंही काढून टाका, आपल्या उन्हात एवढा झुबका जगत नाही.

आणि एक विचारू का? घरातलं तुम्हाला सगळ्यात नीट आठवतंय ते सानं. खांबांचं वर्णन एका ओळीत उरकलंत, कवडशाची जागा मात्र उखळाशेजारी म्हणून बरोबर सांगितलीत. मग भांड्यात खांब कशाला?

नकाशावाली
गिरणाकाठ, तुमचा प्रश्न दोन दिवस डोक्यात होता. तुळई काढून टाकली. झुबकाही काढला, तीन डहाळ्या ठेवल्या, तिन्ही एका बाजूला. उरलेलं अर्धं भांडं नुसतं पाणी. सकाळी खिडकीतून ऊन येतं ते तिथेच पडतं.

१५ अंश डोळ्यांना पटेना, म्हणून बाबांचा ओळंबा काढला. ते गवंडी होते. ४८च्या फांदीचा शेंडा दोरीपासून साडेबारा सेंटीमीटर बाहेर जायला हवा. माझ्या हाताने तो पाचच जात होता! रोज नकाशात नव्वदचे कोपरे काढून हाताला सवय लागलीय. फुलीचा छेद आणि पालथं केंझान, दोन्ही उपाय लागू पडले.

आईला विचारलं, माजघरातले खांब सरळ होते का गं? म्हणाली, चुलीकडचा केव्हाचाच कललेला, आजोबांनी टेकू दिला होता. म्हणजे मी जे आठवून उभं केलं, ते तिथे नव्हतंच.

बाईंना नवा फोटो पाठवलाय, उत्तर नाही अजून. कडुलिंब आता चारपर्यंत टिकतो. उद्या पाचला उठून तोडते.