आइसलंडमधलं ग्रिंडाविक गाव ज्वालामुखीच्या उद्रेकाच्या पाच आठवडे आधी रिकामं केलं, ते बरोबर की घाई?

उत्तररंग
आइसलंडबद्दल बोलणं निघालं की सगळे लाव्हाच्या फोटोंवरच थांबतात, म्हणून मुद्दाम धागा काढतोय. १० नोव्हेंबर २०२३ ला दुपारनंतर ग्रिंडाविकला भूकंपाचे धक्क्यावर धक्के सुरू झाले, सुमारे १५ किमी लांबीच्या भेगेतून शिलारस गावाखालून सरकतोय हे भूकंपमापक आणि जीपीएसच्या आकड्यांवरून लक्षात आलं आणि त्याच रात्री पावणेचार हजारांच्या आसपास माणसं गाव सोडून गेली, एकालाही इजा नाही. उद्रेक झाला थेट १८ डिसेंबरला, तोही गावाबाहेर. मधल्या काळात "उगाच काढलं" असं म्हणणारे बरेच होते. माझ्या मते काढलं ते शंभर टक्के बरोबर.

आणि हे जमलं कारण तिथे भूकंप, ज्वालामुखी, पूर, हिमस्खलन, हिमनद्या आणि रोजचा पाऊस-वारा सगळं एकाच हवामान खात्याकडे आहे. १९९५ मध्ये सुदाविक आणि फ्लातेरी या दोन गावांत हिमस्खलनात ३४ जण गेले, त्यानंतर ते कामही याच खात्याकडे आलं. हिमनदीतून निघणाऱ्या नदीच्या पाण्यातून वीज नेहमीपेक्षा सहज वाहायला लागली, म्हणजे बर्फाखालचं क्षार असलेलं गरम पाणी त्यात मिसळतंय, म्हणजे पूर येऊ शकतो. हा आकडा आणि भूकंपाचा आलेख वेगवेगळ्या खात्यांत पडून राहिला असता तर दोन्हींचा उपयोग निम्मा.

दर्यावर्दी
असहमत. ग्रिंडाविक हे मासेमारीचं बंदर आहे हो, तिथल्या माणसाचं घर, बोट, मासळीचा कारखाना सगळं तिथेच. काही दिवसांनी घरटी एकेकाला मोजकी मिनिटं आत सोडलं, मांजर आणा, कपडे आणा आणि निघा. चुकून इशारा दिला म्हणून कुठल्या अधिकाऱ्याची नोकरी जात नाही, न दिल्याने मात्र जाते, मग तो नेहमी बंदच करणार ना! ज्याच्या पिढ्यान्‌पिढ्या तिथे गेल्यात त्याला धोका समजावून सांगा आणि ठरवू द्या.

उत्तररंग
दर्यावर्दी, ठरवू दिलंच होतं की. नाताळच्या तोंडावर लोकांना घरी राहायची मुभा मिळाली, काही जण गेलेही. १४ जानेवारी २०२४ ला पहाटे तीनच्या सुमारास धक्के वाढले, उरलेल्यांना परत बाहेर काढलं आणि सकाळी आठच्या आत जमीन फाटली. दुसरी भेग तर लाव्हा अडवायला बांधलेल्या संरक्षक भिंतीच्या आत, घरांना लागून फुटली आणि तीन घरं जळाली. मधे चार-पाच तास मिळाले ते मोजणीमुळेच. आणि हुकूम पोलीस आणि नागरी संरक्षणवाले देतात, खातं धोक्याचा नकाशा देतं, तेव्हा नोकरी वाचवण्याचा आरोप मला पटत नाही.

हिमरेषा
दोघांचीही नजर लाव्हावरच आहे आणि माझी नेमकी हीच तक्रार आहे. लाव्हा दिसतो म्हणून कॅमेरे तिकडे जातात, पैसाही तिकडेच जातो. देशाचा दहावा हिस्सा बर्फाखाली आहे आणि तो बर्फ चाललाय. ओक हिमनदी २०१४ मध्ये मृत ठरवली, २०१९ मध्ये तिथे स्मृतिफलक लावला. ह्वोल्सवोत्लुरच्या शाळेतली मुलं २०१० पासून दरवर्षी सोल्हेमाय्योकुल हिमनदीच्या टोकाशी जाऊन ती किती मागे सरली ते मोजतात, बर्फ होता तिथे आता तळं झालंय. स्विनाफेल्सय्योकुल या दुसऱ्या हिमनदीच्या वरच्या डोंगरउतारावर लांबलचक भेग पडलीय, कारण त्या उताराला टेकू देणारा बर्फ पातळ झाला. तो कडा खालच्या तळ्यात आला तर लाट उसळणार, आणि त्या भागात पर्यटक मोप. डिसेंबर २०२० मध्ये सेदिस्फ्योर्दुर गावात दिवसेंदिवस धो धो पाऊस पडून दरडी आल्या, दहाच्या वर घरं गेली, नशिबाने जीव कुणाचा गेला नाही.

अजून एक, "बर्फ वितळला म्हणून उद्रेक" हे वाक्य ग्रिंडाविकला चिकटवू नका प्लीज. त्या भागात हिमनदीच नाही. वात्नाय्योकुल या मोठ्या हिमनदीखाली मात्र वरचं ओझं कमी झाल्यामुळे खोलवर शिलारस जास्त तयार होतोय असं अभ्यासक सांगतात, जमीनही वर उचलली जातेय, काही ठिकाणी वर्षाला तीनेक सेंटिमीटर. पण तो शिलारस वर यायला किती काळ लागेल हा वेगळाच विषय आहे.

कोकणकर
हे सगळं वाचायला छान आहे पण तो देश जेमतेम चार लाखांचा, श्रीमंत, एका मेसेजमध्ये गाव हलतं. आपण त्यातून काय घेणार? एवढे सेन्सर परवडतात कुणाला?

हिमरेषा
कोकणकर, शाळेच्या पोरांनी टेप धरून हिमनदी मोजायला किती पैसे लागतात? तिथले हौशी लोक १९३० पासून हे करतायत. इर्शाळवाडी जुलै २०२३ मध्ये गाडली गेली तेव्हा ती दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. यादी एकदा करून ठेवायची आणि डोंगर दर पावसात बदलत राहणार, हे कसं चालेल? मला सेन्सरपेक्षा वर्षानुवर्षं तीच जागा मोजत राहणं जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि ते आपल्याला नक्की परवडतं.

दर्यावर्दी
१४ जानेवारीवर माझा वाद नाहीच. पण त्याच्या चार दिवस आधीचं कुणी बोलत नाही. १० जानेवारीला गावातली भेग बुजवायचं काम करणारा माणूस त्या भेगेत पडला, शोध थांबवावा लागला, सापडलाच नाही. फेब्रुवारीत लाव्हा स्वार्त्सेंगी भूऔष्णिक केंद्रातून घरं गरम ठेवायला येणाऱ्या गरम पाण्याच्या पाइपवर आला आणि ऐन थंडीत वीस हजारांवर लोकांची घरं गार पडली. शिलारस किती खोल आहे हे कळतं, आणि पायाखालची जमीन पोकळ आहे ते कळत नाही? मग "मोजणीमुळे सगळं जमलं" असं म्हणू नका.

उत्तररंग
सगळं जमलं असं मी म्हटलेलंच नाही, माणसं बाहेर काढायला वेळ मिळाला एवढंच म्हणतोय. पाइपबद्दल सहमत, पर्यायी पाइप जमिनीत आधीच पुरून व्हायला हवा होता. पण त्या माणसाबद्दल सांगतो. धोक्याच्या नकाशात लाव्हा आणि विषारी वायूंच्या जोडीला जमीन खचून भोक पडण्याचा धोका वेगळा दाखवतात. तो दाखवूनही आत कुणाला सोडायचं हे मोजणारा ठरवत नाही. म्हणजे तुमच्याच उदाहरणातून आत सोडायचा नियम जास्त कडक हवा असं निघतं, आणि तुम्ही मागताय की ज्याचं त्याला ठरवू द्या. हे दोन्ही एकत्र कसं बसवता ते सांगा.