मदत हवी आहे: नसबंदी उलटवून घेतली, काउंट चांगला, पण अँटीबॉडीज निघाल्या

मंडळी, विषय खाजगी आहे, पण घरात कुणाशी बोलता येत नाही.

वय ४१. पहिली बायको कॅन्सरने गेली. धाकट्याच्या जन्मानंतर, २०१५ साली मी नसबंदी करून घेतली होती. आता दुसरं लग्न झालंय, बायको ३४ची. माझ्या दोन्ही मुलांचं ती मनापासून करते, पण तिलाही स्वतःचं एक मूल हवंय. म्हणून गेल्या वर्षी नस परत जोडून घेतली.

शुक्राणूंचा काउंट आला ३ कोटी ८० लाख. आम्ही दोघं अक्षरशः रडलो आनंदाने. पण आठ महिने काहीच नाही. मग लॅबवाल्या ताईंनी मायक्रोस्कोपमधून दाखवलं: शुक्राणू शेपटीला शेपटी अडकून गुच्छच्या गुच्छ, जागच्या जागी वळवळतायत. मग मार टेस्ट केली, म्हणजे किती टक्के शुक्राणूंना अँटीबॉडीज चिकटल्यात ते बघतात. त्यांचे दोन प्रकार निघाले: आयजीजी ८४ टक्के, आयजीए ६१.

डॉक्टर म्हणाले, शुक्राणू वयात आल्यावर तयार होतात. तोवर शरीराची आपलं-परकं ही ओळख पक्की झालेली असते, म्हणून वृषणात त्यांना पेशींच्या भिंतीआड ठेवलेलं असतं. नस बांधल्यावर ते झिरपतात आणि शरीर त्यांच्यावर उलटून अँटीबॉडीज बनवतं.

एक डॉक्टर अँटीबॉडीज दाबायला तीन महिने स्टेरॉइड घ्या म्हणतात, दुसरे थेट इक्सी (लॅबमध्ये गर्भधारणा) करा म्हणतात. मला शुगर आहे. कुणाला अनुभव आहे का?

प्रतिसाद:
दादा, मी आयव्हीएफ लॅबमध्ये काम करते. शुगर असताना स्टेरॉइड नकोच, असं माझं स्पष्ट मत. साखर चढते, क्वचित खुब्याचं हाडही खराब होतं, आणि फायद्याची खात्री नाही. नसबंदीनंतर निम्म्याहून जास्त पुरुषांत या अँटीबॉडीज सापडतात आणि नस जोडल्यावर त्यातल्या अनेकांना मुलं होतातही. पण तुमचे दोन्ही आकडे ५० टक्क्यांच्या वर आहेत, म्हणजे अडथळा मोठा. आयजीए असला की शुक्राणू गर्भाशयाच्या मुखावरच्या चिकट स्रावात अडकून नुसते थरथरतात. इक्सीत एकच शुक्राणू सुईने थेट बीजात सोडतात, त्यामुळे ही अडचणच राहत नाही. आधी वहिनींची एएमएच (बीजांचा साठा किती उरलाय ते सांगणारी रक्ततपासणी) आणि सोनोग्राफी करून घ्या; त्यांच्या वयाकडे बघून किती थांबायचं ते ठरेल.

धागाकर्ता:
ताई, मनापासून आभार. एएमएच कुणी सांगितलीच नव्हती. सगळे माझेच रिपोर्ट बघत होते. शनिवारी दोघं जातो, शुगरची फाइलही नेतो.