अनुभव : विश्वास एकदा मोडल्यावर पुन्हा कुणावर विसंबायला कसे शिकलात?

निशिगंध :

गेल्या महिन्यात भाचीच्या कपाटातून एक इंग्रजी प्रणयकादंबरी वाचायला घेतली. नायिका नवऱ्याच्या मारातून सुटून परक्या गावात आलेली, शेजारी सुतारकाम करणारा एक अबोल माणूस. पुढे काय होणार ते कळतंच. पण एका पानावर मी अडकले. तो तिच्या दाराचं कुलूप बदलून देतो आणि तिन्ही किल्ल्या तिच्याच हातात ठेवतो. स्वतःकडे एकही ठेवत नाही. पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसून राहिले.

माझं पहिलं लग्न साडेसहा वर्षांचं. सगळं इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की मार बहुतेक वेळा मागून यायचा, मी ओट्याशी उभी असताना. मग घरगुती हिंसाचाराची केस, घटस्फोट, त्यानंतर सात वर्षं एकटी. २०१९ साली दुसरं लग्न केलं. दुसऱ्याच आठवड्यात हे पाणी प्यायला आत आले, मी फोडणी देत होते, पावलं ऐकू आली नाहीत. हातातून कढई सुटली, तेल पायावर आलं. ह्यांनी काही विचारलं नाही. खाली बसले, पाय बादलीत धरला आणि पाणी ओतत राहिले. दुसऱ्या दिवसापासून हे बाहेरच्या खोलीतूनच आवाज देत यायला लागले, "येतोय गं, पाणी घ्यायला." कशासाठी येतोय तेही सांगायचे. पाहुणे असले तरी सांगायचे. सासूबाईंनी एकदा विचारलं, हे काय नवीन? तर म्हणाले, सवय आहे माझी.

गेल्या दिवाळीत ह्यांचा घसा बसला होता. मी चकल्या तळत होते. हे कधी मागे येऊन उभे राहिले मला कळलंच नाही. माझ्या खांद्यावरून हात लांब करून यांनी परातीतली चकली उचलली, तेव्हा कळलं. मी दचकले नव्हते. गॅस बंद केला आणि तिथेच रडले.

कादंबरीत हे सगळं तीन महिन्यांत होतं. मला साडेचार वर्षं लागली. किल्ल्यांचं मात्र लेखिकेने अगदी बरोबर लिहिलंय. म्हणून हा धागा. तुमचा मोडलेला विश्वास कुठून, कशाने परत आला? नवराच हवा असं नाही, कुणीही असेल. परत आला नसेल तर तेही लिहा. ओळख पटेल असे तपशील बदला. आणि एक कळकळीची विनंती, कुणी कुणाला "विसरून जा, पुढे बघ" म्हणू नका. आम्ही ते पुरेसं ऐकलंय.

शेवटचंपान :

मी अशा कादंबऱ्या शेकड्यांनी वाचल्यात आणि त्याबद्दल बरंच ऐकूनही घेतलंय, म्हणून लिहिते. माझ्या बाबतीत जे झालं ते घरातल्याच माणसाकडून झालं, मी तेरा वर्षांची होते. मोठी झाल्यावर मला कुठलीही गोष्ट पुढे काय होईल हे माहीत नसताना सहन व्हायची नाही. सिनेमाला गेले तर मध्यंतरातच बाहेर यायचे. प्रणयकादंबरीचा शेवट गोड असतो, तो वाचकाशी केलेला करारच असतो. मी आधी शेवटचं पान वाचायचे, मग पहिलं. शेवट हातात आहे म्हटल्यावर मधली भीती सोसता यायची. आधी दहा पानं, मग प्रकरण, मग रात्रभर. माणसांच्या बाबतीत शेवटचं पान आधी वाचता येत नाही, पण मधली भीती सोसायचा सराव मला त्या पुस्तकांनीच दिला. त्यांना कुणी हलकं म्हटलं की मला खरंच दुखतं.

लग्न केलेलं नाही. सध्या एका माणसाबरोबर दर रविवारी चालायला जाते. मोकळ्या रस्त्यावर. अजून एवढंच.

दोनकपचहा :

मी पलीकडच्या बाजूचा, म्हणजे नवरा. बायकोच्या बाबतीत काय झालं ते तिचं आहे, मी सांगणार नाही.

लग्नानंतर ती रोज सकाळी एकच विचारायची, "किती वाजता येणार?" मी सांगायचो, सात. हिंजवडीतून निघणारा माणूस सातला कसा पोचणार? साडेसात व्हायचे, कधी आठ. आलो की ती बाथरूममध्ये आतून कडी लावून बसलेली असायची. माझा संताप व्हायचा. कादंबरीतल्या त्या माणसाला राग येत नाही का हो कधी? मला येत होता. एकदा मी टेबलावर हात आपटला. ती नऊ दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि त्या नऊ दिवसांत मला कळलं की मी तिच्यासाठी त्या क्षणी कोण झालो होतो.

समुपदेशकाकडे मी गेलो, ती नाही. त्या बाई म्हणाल्या, लवकर या असं ती म्हणतच नाहीये, सांगितलेल्या वेळेला या म्हणतेय. तेव्हापासून मी साडेआठ सांगायला लागलो आणि सव्वाआठला येऊन खाली गाडीत बसायचो. साडेआठला बेल. उशीर होणार असेल तर साडेआठच्या आत फोन.

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय असतं. एकदा गॅसचा नंबर कधी लावला ते बघायला मी मागची पानं उलटली. प्रत्येक तारखेच्या चौकोनात कोपऱ्यात पेन्सिलीचा बारीक ठिपका. दुधाचे खाडे असतील असं आधी वाटलं. पण एका मंगळवारी ठिपक्याऐवजी फुली होती, आणि तो मंगळवार मला आठवत होता, फोनची बॅटरी संपली होती माझ्या. महिन्यामागून महिने ठिपके. मग श्रावणात, नारळी पौर्णिमेच्या पुढच्या आठवड्यात ते थांबले होते. भांडण नाही, काही नाही, नुसते थांबले. पुढचे चौकोन कोरे.

मी कॅलेंडर परत खिळ्याला अडकवलं. तिला आजवर काही बोललो नाही. ती हे वाचत असेल तर आता कळेल.

कक्षातली ताई :

मी बरीच वर्षं पोलीस ठाण्यातल्या महिला व मुलांसाठीच्या साहाय्य कक्षात काम करते. हे कक्ष टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांबरोबर सुरू केले, आता राज्यभर आहेत. वर दोनकपचहा यांनी लिहिलंय ते आमच्याकडे रोज दिसतं. आमच्याकडे येणारी बाई पहिला विश्वास टाकते तो कुणा पुरुषावर नाही, तारखेवर टाकते. मंगळवारी अकराला या म्हटलं आणि मंगळवारी अकराला मी खुर्चीत नसले, तर ती परत येत नाही.

दुसरं, दचकणं, झोप न लागणं, एखाद्या वासाने किंवा आवाजाने सगळं पुन्हा घडतंय असं वाटणं, हा "संशयी स्वभाव" नाही. याला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा मानसिक विकार म्हणतात आणि १९८० सालीच अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत त्याची नोंद झाली. त्यावर उपचार आहेत. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. हिंसा आत्ता चालू असेल तर १८१, ही महिला हेल्पलाइन. आणि २००५ च्या घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याने बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, घर तिच्या नावावर नसलं तरी. "घर माझं आहे, नीघ" हे ऐकून रात्री अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलेल्या किती जणी बघितल्यात मी.

कादंबऱ्यांबद्दल माझी एक खरी तक्रार आहे. त्यात नायक न सांगता तिच्या ऑफिसखाली येऊन उभा राहतो, ती कुणाशी बोलते ते विचारतो, आणि ते प्रेम म्हणून खपतं. आमच्याकडच्या निम्म्या गोष्टी अशाच "किती काळजी घेतो माझी" ने सुरू झालेल्या असतात. नवीन माणूस ओळखायचा तर फुलं आणतो का बघू नका. एखाद्या साध्या गोष्टीला नाही म्हणा. आज नको भेटू या, एवढंच. मग त्याचा चेहरा बघा, आणि पुढचे दोन दिवस बघा.

माळवद :

मला माणसानं नाही, घरानं दगा दिला. चालत असेल तर लिहिते.

३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. आदल्या रात्री गणपती बोळवून सगळे उशिरा झोपलेले. पहाटे चारच्या जरा आधी. मी सात वर्षांची. आमच्याकडं तेव्हा माळवदाची घरं, दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि वर लाकडावर मातीचा थर. दरवर्षी पावसाळ्याआधी गळू नये म्हणून त्यावर आणखी माती टाकायची. ते सगळं वजन खाली आलं. आई गेली, धाकटा भाऊ गेला. मला काकानं दुपारी काढलं. तोंडात माती होती, ती चव अजून येते.

पुढं पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. सरकारनं नवं गाव वसवलं, पक्की घरं दिली, तरी कितीतरी लोक घरासमोर पत्रा टाकून तिथंच झोपायचे. पक्कं घर धान्य ठेवायला. मला छताखाली डोळा लागायचाच नाही.

लग्न झालं सोलापूरला, तिसऱ्या मजल्यावर. पहिल्या रात्री मी दाराच्या चौकटीत बसून काढली. मालक गवंडीकाम करणारे, मिस्त्री. म्हणले, बरं, गच्चीवर झोपू. उन्हाळा गच्चीवर काढला, पावसाळ्यात वर ताडपत्री बांधली. लोक हसायचे. सासूनं एक शब्द काढला नाही, उलट रोज संध्याकाळी माझ्या उशाशी बॅटरी आणून ठेवायची, सेल चालतात का बघून.

चार वर्षांनी स्वतःचं घर बांधायला काढलं, दोन खोल्यांचं. मालक मला रोज साईटवर न्यायचे. पाया खणला की बघ म्हणायचे, मुरूम लागला का बघ. कॉलमच्या सळया मोज म्हणायचे. सळयांभोवतीच्या रिंगा किती अंतरावर बांधल्या ते टेपनं मला मोजायला लावायचे, एक जरी लांब पडली तर सोडून परत बांधायचे. खिडक्यांच्या वर चारी भिंतींवरून लिंटलचा पट्टा फिरवला तेव्हा म्हणले, हा घराचा कमरपट्टा, तुमच्या जुन्या घराला हा नव्हता. भिंती एकमेकींना धरूनच नव्हत्या. मला सोळा वर्षांत कुणी हे सांगितलं नव्हतं. सगळे म्हणायचे देवाची मर्जी, तुमच्या गावाचं पाप. त्या दिवशी मला कळलं की माझी आई पापानं नाही गेली, भिंती बांधलेल्या नव्हत्या म्हणून गेली.

स्लॅब टाकला त्या दिवशी, पुढचे एकवीस दिवस त्यावर पाणी मारायचं काम मी मागून घेतलं. सकाळ-संध्याकाळ. पाईप धरून त्या स्लॅबवर उभी राहायचे. स्लॅबखालचं सेंटरिंग, म्हणजे टेकू, काढल्यावर मालक आत जाऊन उभे राहिले आणि म्हणले, तू ये, नाहीतर नको येऊ, मी जेवण बाहेर आणतो. मी आत गेले.

न्यूजर्सीकर :

माझं थोडक्यात. एच-४, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर अमेरिकेत गेले होते, काम करायची परवानगी नाही, बँकेत खातं नाही, पासपोर्ट नवऱ्याच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. इथे "मानवी" नावाची दक्षिण आशियाई बायकांची संस्था आहे, १९८५ पासूनची. फोनवरच्या बाईंनी मराठीत बोलू का विचारलं नाही, हिंदीत विचारलं, तरी मला घर आठवलं. पुढे बऱ्याच वर्षांनी एका माणसाबरोबर पहिल्यांदा भारतात येत होते. विमानतळावर त्याने दोघांची कागदपत्रं काउंटरवरून घेतली, माझा पासपोर्ट वेगळा काढला आणि माझ्या पर्सची चेन उघडी होती त्यात ठेवला. त्याच्या लेखी ते काहीच नव्हतं. मी विमानात बसल्यावर चार वेळा पर्स उघडून बघितली.

अनामिक :

पुरुष आहे, वय ४४. शाळेच्या वसतिगृहात झालं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ साली आला, त्यात मुलगेही धरलेत. माझ्या वेळी असा कायदा नव्हता, मुलग्याचं असं होतं हे मानायलाच कुणी तयार नव्हतं. बायकोला लग्नानंतर अकरा वर्षांनी सांगितलं, गाडी चालवताना, कारण तिच्याकडे बघायचं नव्हतं. ती म्हणाली, गाडी बाजूला घे. मग तीही समोर बघतच बसली, माझ्याकडे वळली नाही. मला तेच हवं होतं, तिला कसं कळलं माहीत नाही. अर्ध्या तासाने म्हणाली, मुलाला आपण वसतिगृहात नाही ठेवायचं. बस.

पहिल्यांदाच इथे लिहितोय. नंतर कदाचित काढून टाकीन.

निशिगंध :

अनामिक, ठेवलंत तरी चालेल, काढलंत तरी. मी वाचलंय.

नवीनच :

मला घर सोडून तीन महिने झाले. लिहायला अजून काही नाही. रात्री झोप येत नाही तेव्हा हा धागा वरून खाली वाचते. फक्त माळवदताईंना विचारायचं होतं, ताई, आता आत झोपता का?

माळवद :

झोपते गं. दाराकडच्या बाजूला. बॅटरी उशाशी असते, सासू गेल्यापासून सेल मालक बदलतात.