उ: खडी तपासनीसांचे प्रशिक्षण – चपट्या-लांबट खडीची चाचणी

चाळण्या हाताळता आल्या की तपासनीसाच्या प्रमाणपत्राची निम्मी तयारी झाली, असं या चर्चेत कुणी म्हटलंय; ते मत अर्धंच पटलं. प्रात्यक्षिकात खरी चूक चपट्या-लांबट खडीच्या एकत्रित निर्देशांकात (चपट्या आणि लांबट दाण्यांच्या टक्केवारीची बेरीज) होते. आयएस ३८३ (काँक्रीटच्या खडी-वाळूचं भारतीय मानक) च्या २०१६ च्या आवृत्तीत त्याची मर्यादा ४० टक्के आहे, पण क्रम महत्त्वाचा. आधी चपटी खडी वेगळी काढायची आणि तिला एकूण नमुन्याच्या वजनाने भागायचं. मग उरलेल्या खडीतूनच लांबट दाणे वेचायचे आणि त्यांना उरलेल्या वजनानेच भागायचं. समजा नमुना ५००० ग्रॅम, चपटी ९०० ग्रॅम, म्हणजे १८ टक्के. उरली ४१००, त्यात लांबट ८२०, म्हणजे २०. बेरीज ३८. लांबट दाण्यांनाही ५००० नेच भागलं तर ३४.४ येतात आणि खडी आहे त्याहून चांगली दिसते. उलट सगळ्या नमुन्यातून लांबट वेचले तर चपटे-लांबट दाणे दोनदा मोजले जातात. चांगला माल नापास होतो.

गेजची (चपटे दाणे ज्यातून आरपार जातात त्या खाचांच्या पट्टीची) खाचही तपासायला शिकवाच. २० ते १६ मिमी गटासाठी (२० च्या चाळणीतून गेलेले, १६ च्या चाळणीवर राहिलेले दाणे) ती १०.८ मिमी हवी (सरासरी १८ च्या ०.६ पट). झिजून रुंद झाली की जाड दाणेही आरपार जातात. आणि प्रत्येक गटात किमान २०० दाणे हवेतच.